वस्तरा आणि रायफल: मारण्याबद्दल पात्रांना काय वाटतं, हे दोन कथांतून कसं शोधायचं

"दोन्ही पात्रांना मारणे आवडत नव्हते, पण परिस्थितीने त्यांना भाग पाडले."

कोल्हापुरात राजारामपुरीत बी.ए.च्या मुलांचा माझा छोटा क्लास आहे. या वाक्याने सुरू होणारं उत्तर दर वर्षी पाचसहा वह्यांत तरी सापडतं. वाक्य दिसायला सभ्य. अडचण एवढीच, की ज्या दोन कथांबद्दल ते लिहिलेलं असतं त्यांतला एक जण कुणाला मारतच नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून समोरच्याला गोळी लागल्याबरोबर आनंदाची आरोळी निघते. म्हणजे पोरांनी कथा वाचलेली असते, पण उत्तर मात्र शाळेतल्या सुविचारांच्या फळ्यावरून उतरवलेलं असतं.

अशी तुलना पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. ज्या कथांवर मी पद्धत दाखवणार आहे त्या दोन्ही छोट्या आहेत, तासाभरात दोन्ही वाचून होतात. पहिली आयरिश लेखक लिअम ओफ्लाहर्टी यांची 'द स्नायपर', १९२३ सालची. दुसरी कोलंबियाचे एर्नांदो तेयेस यांची, १९५० च्या संग्रहातली. मूळ स्पॅनिश नावाचा अर्थ 'फेस, बाकी काही नाही', आणि इंग्रजीत ती 'लॅदर अँड नथिंग एल्स' या नावाने वाचायला मिळते. पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांनी कथा वाचल्या नसतील त्यांनी इथेच थांबून आधी वाचून यावं, लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १: जोडी का जमते ते आधी एका वाक्यात लिहा

दोन कथांत 'मारणं' आहे एवढ्यावर जोडी जमत नाही. तसं तर महाभारत आणि डासांची उदबत्तीही एका उत्तरात घालता येईल. दोन्हीकडे सारखं असलेलं काहीतरी भक्कम हवं, म्हणजे फरक उठून दिसतो.

आपल्या जोडीत ते असं आहे. दोन्हीकडे देशातल्या देशात माणसं एकमेकांवर उठलेली आहेत, दोन्हीकडे एका माणसाच्या हातात हत्यार आहे, आणि दोन्हीकडे समोरचा त्याच्या टप्प्यात आहे. एक जण मारतो, दुसरा मारत नाही.

काही मुलं रिचर्ड कॉनेल यांची १९२४ ची शिकारीची कथा घेतात. त्यातला जनरल झारॉफ बेटावर माणसांचीच शिकार करतो. ती कथा थरारक आहे, पण नवशिक्याने मी म्हणेन तिच्या वाटेला जाऊ नये. झारॉफ आपली मतं जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच घडाघडा सांगतो, त्यामुळे तुम्हाला शोधायला काही उरत नाही. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी बघताना शिकाऱ्याच्या मनाचा जो अंदाज येतो, तेवढाही कस तिथे लागत नाही. ज्या पात्राला स्वतःलाच स्वतःचं मन धड कळलेलं नाही, तेच निवडा.

पायरी २: पार्श्वभूमी चार ओळींत

इथे फार रेंगाळू नका. डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश करारावरून आयरिश लोकांतच फूट पडली. इंग्रजांविरुद्ध एकत्र लढलेली माणसं जून १९२२ पासून एकमेकांवर गोळ्या झाडायला लागली, आणि ते यादवी युद्ध मे १९२३ पर्यंत चाललं. 'द स्नायपर' जानेवारी १९२३ मध्ये छापून आली, म्हणजे गोळीबार थांबायच्याही आधी. ओफ्लाहर्टी स्वतः पहिल्या महायुद्धात लढून जखमी झालेले होते.

कोलंबियात एप्रिल १९४८ मध्ये होर्हे एलिएसेर गायतान या नेत्याची हत्या झाली, आणि त्यानंतर गावोगाव जे रक्त सांडलं त्या काळाला तिथले लोक 'ला व्हिओलेन्सिया', म्हणजे 'हिंसा', म्हणतात. तेयेस यांच्या कथेत मात्र देशाचं नाव नाही, साल नाही, पक्षाचं नाव नाही. म्हणून 'ही कथा अमुक घटनेवर आहे' असं ठोकून देऊ नका. ती त्या काळात लिहिली गेली, एवढं म्हटलं की पुरे.

पार्श्वभूमीवर दोन पानं लिहिणारा विद्यार्थी बहुतेक वेळा कथेपासून पळत असतो. कॉलेजात मीही तेच केलं होतं. आयर्लंडचा इतिहास दीड पान, मग दोन्ही कथांचा सारांश, आणि शेवटी 'अशा प्रकारे'. वीसपैकी सात मिळाले. सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं: "हे मला माहीत आहे. तुला काय दिसलं?"

पायरी ३: दुसऱ्या वाचनात फक्त शरीर बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, त्यामुळे इथे सावकाश चालू.

पहिलं वाचन गोष्टीसाठी. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि पात्राला काय 'वाटतं' ते शोधूच नका. त्याचं शरीर काय करतं तेवढ्याखाली रेघ ओढा. हात, दात, घाम, श्वास, डोळे, भूक. मारण्याबद्दल माणूस तोंडाने जे बोलतो ते बहुतेक वेळा ऐकीव असतं. हात मात्र स्वतःचं बोलतात. मराठीत आपण उगाच म्हणत नाही, 'हात धजावला नाही'. मनाचं काय झालं हे सांगायलाही आपल्याला हातच लागतो.

'द स्नायपर' घ्या. डब्लिनमधलं छप्पर, जूनची रात्र, रायफल घेऊन पडून राहिलेला एक तरुण. पहिली रेघ: तो अधाशासारखा सँडविच खातो, सकाळपासून पोटात काही नाही. दुसरी: धोका माहीत असून सिगारेट पेटवतो. मग खाली चिलखती गाडी येते, एक म्हातारी बाई छपराकडे बोट दाखवते, गाडीच्या बुरुजातून एक डोकं वर येतं. तो झाडतो, डोकं कलंडतं. बाई पळते. तो पुन्हा झाडतो, ती किंचाळून गटारात पडते.

आता पेन्सिल घेऊन या दोन मरणांपाशी थांबा. शरीराखाली रेघ ओढायला काही सापडतं का? नाही. हात थरथरत नाही, घाम नाही, एक शब्दही नाही. लेखक दोन वाक्यांत दोन माणसं संपवून पुढे जातो. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ मुलं या दोघांना उत्तरात विसरतात. त्यांना फक्त तिसरा लक्षात राहतो, कारण शेवट त्याचा आहे.

त्यानंतर समोरच्या छपरावरच्या बंदूकधाऱ्याची गोळी याच्या हाताला लागते. आयोडीन ओततो, वेदनेने कळवळतो. टोपी रायफलच्या टोकावर ठेवून शत्रूला फसवतो, शत्रू निर्धास्त उभा राहतो, आणि हा साधारण पन्नास यार्डांवरून रिव्हॉल्व्हर झाडतो. इथे हात थरथरतो, पण भीतीने नाही, उतावीळपणाने. गोळी लागते, आणि मघाशी म्हटली ती आनंदाची आरोळी.

आणि मग तो बघतो. तो माणूस मेल्यावर लगेच दिसेनासा होत नाही. कठड्यावर झुलतो, तोल जातो, हवेत गिरक्या घेत खाली आपटतो. पहिल्या दोन मरणांना दोन वाक्यं, याला अख्खा परिच्छेद. तिथून रेघाच रेघा: अंग शहारतं, कपाळावर घाम, दात वाजायला लागतात, तोंडाने स्वतःशीच बरळत तो युद्धाला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालतो.

पण अजून पान संपलेलं नाही, आणि बरीच उत्तरं इथेच घसरतात. तो रिव्हॉल्व्हर फेकून देतो, ते आपटून सुटतं, गोळी त्याच्याच डोक्याजवळून जाते. त्या दणक्याने तो भानावर येतो आणि हसतो. फ्लास्कमधली उरलेली व्हिस्की एका घोटात संपवतो. पश्चात्ताप आला तसा गेला. मग कुतूहल उरतं: नेमबाज चांगला होता, कोण असेल, आपल्या ओळखीचा असेल का? खाली उतरतो, प्रेत उलटं करतो. चेहरा त्याच्या भावाचा.

क्रम नीट लक्षात ठेवा, कारण 'सख्ख्या भावाला मारल्यामुळे त्याला पश्चात्ताप झाला' हे वाक्य मी इतक्या वेळा खोडलंय की लाल पेनला आता पाठ झालंय. कथेत पश्चात्ताप आधी येतो आणि भाऊ नंतर. भाऊ दिसल्यावर त्याला काय वाटलं, याचा एक शब्दही लेखक देत नाही. कथा तिथेच थांबते.

पायरी ४: दुसरी कथा वाचायची तर खुर्चीत बसून या

तेयेस यांच्या कथेत सगळं एका सलूनमध्ये घडतं. कॅप्टन तोर्रेस दाढीला येतो, चार दिवसांची दाढी वाढलेली. काडतुसांचा पट्टा, पिस्तूल, टोपी खुंटीला टांगतो. याच माणसाने गावच्या शाळेत बंडखोरांना टांगून, विटंबना करून, त्यांच्यावर नेमबाजीचा सराव घडवून आणलेला आहे. आता आणखी चौदा जण धरून आणलेत. न्हावी आतून बंडखोरांना सामील आहे. आणि कॅप्टनचा गळा त्याच्या वस्तऱ्याखाली आहे.

ही कथा शिकवायची म्हणून एकदा मी मुद्दाम गंगावेशीजवळच्या एका जुन्या सलूनमध्ये दाढीला गेलो. एरवी घरीच करतो, त्यामुळे गळ्यावर दुसऱ्याचा हात कसा लागतो हे विसरलो होतो. मामांनी नवं ब्लेड कागदासकट मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, कोमट पाण्याचा ब्रश फिरवला, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने हनुवटी वर ढकलली. मान मागे गेल्यावर छतावरचा पंखा सोडून काही दिसत नाही. आपण काही बघू शकत नाही, बोलू शकत नाही, आवंढासुद्धा विचारून गिळावा लागतो. कातडी दोन बोटांत ताणली जाते आणि ती किती पातळ आहे हे तेव्हा कळतं.

"मामा, कधी लागलंय का कुणाला?"

"आता बोलू नगासा, गळ्यावर हाय." तो फटकारा पूर्ण करून मग म्हणाले, "लागतंय की कधीमधी. गिऱ्हाईक शिंकलं, पोरगं हललं. तुरटी लावली की थांबतंय. पण रक्त दिसलं ना, की त्या दिवशी माझं मन लागत न्हाई बघा."

कथेतल्या न्हाव्याचा अर्धा जीव या एका वाक्यात आहे. त्याला क्रांतीइतकाच आपल्या हातकामाचाही अभिमान आहे. गिऱ्हाइकाच्या एकाही रंध्रातून रक्ताचा थेंब येऊ नये, ही त्याची पैज. एका क्षणी तो मनात सगळं करून बघतो: मनगट थोडं वळवायचं, थोडा दाब, कातडी रेशमासारखी फाटेल, रक्त फरशीवरून वाहत दाराखालून रस्त्यावर जाईल. मग प्रेत कुठे लपवायचं, आपण कुठे पळायचं. लोक काय म्हणतील? काही म्हणतील भ्याड खुनी, काही म्हणतील सूड घेणारा वीर. शेवटी तो ठरवतो की माझ्या हातांना रक्त नको, फेस पुरे. तू मारेकरी, मी न्हावी. ज्याचं काम त्याच्याकडे.

इथेही शरीरावर रेघा ओढा. कॅप्टनला ओळखताच न्हावी थरथरतो, दाढीला साबण लावताना हात कापतात, शेवटी शर्ट घामाने भिजलेला असतो. पण वस्तरा मात्र एकदाही चुकत नाही. भीती सगळ्या अंगात आहे, फक्त वस्तरा धरलेल्या हातात नाही. या एका निरीक्षणावर चांगलं उत्तर उभं राहू शकतं.

आणि कॅप्टन? त्याला मुलं खलनायक म्हणून सोडून देतात. दारातून बाहेर पडताना तो वळून सांगतो, की तू मला मारशील असं लोक म्हणत होते, ते खरं का बघायला आलो होतो. मारणं सोपं नसतं, माझ्यावर विश्वास ठेव. एवढं बोलून तो निघून जातो. हे वाचल्यावर कथा पुन्हा पहिल्यापासून वाचा. हा माणूस सगळं माहीत असताना खुर्चीत बसला होता, पिस्तूल लांब टांगून डोळे मिटून. मघाशी संध्याकाळच्या शिक्षेबद्दल तो दिवसभराच्या कामाबद्दल बोलावं तसा बोलत होता. मग शेवटचं वाक्य कुठून आलं? बढाई आहे, कबुली आहे, की न्हाव्याला मारलेला टोमणा? मला स्वतःला ती कबुली वाटते, पण याची वर्गात भांडणं होतात आणि व्हावीत.

पायरी ५: अंतर मोजा आणि सांगतोय कोण ते बघा

वहीत दोन रकाने पाडा आणि प्रत्येक मरणासमोर, किंवा न झालेल्या मरणासमोर, अंतर लिहा. गाडीतला माणूस: खाली रस्त्यावर, दिसलं ते फक्त डोकं आणि खांदे. बाई: पळती. समोरचा बंदूकधारी: पन्नास यार्ड, पण पडताना पूर्ण दिसलेला. कॅप्टन: अंतर शून्य, कातडी बोटात.

सोपं उत्तर लगेच सुचतं: लांबून मारणं सोपं, जवळून अवघड. ते चूक नाही, पण तिथेच थांबू नका. स्नायपर त्याच छपरावरून, जवळपास तशाच अंतरावरून तीन माणसं मारतो आणि हादरतो फक्त तिसऱ्याला. अंतर तेच, मग बदललं काय? तिसऱ्याला पडताना त्याने पाहिलं. शिवाय तो उपाशी आहे, जखमी आहे, रक्त गेलंय. लेखक स्वतःच ही कारणं देतो. मग तो पश्चात्ताप नीतीचा, की थकलेल्या अंगाचा? मी वर्गात हा प्रश्न टाकतो आणि खिडकीबाहेर बघत उभा राहतो.

दुसरी गोष्ट निवेदकाची. न्हावी स्वतः बोलतो, 'मी' म्हणून. त्याचा प्रत्येक विचार आपल्याला ऐकू येतो. स्नायपरची गोष्ट बाहेरचा निवेदक सांगतो, तीही तुटक वाक्यांत, आणि त्याला नावसुद्धा देत नाही. त्यामुळे 'न्हावी विचारी आहे आणि स्नायपर अविचारी' असं लिहिण्याआधी दोनदा थांबा. कदाचित स्नायपरच्या डोक्यातही तेवढंच चाललं असेल, आपल्याला आत जाऊ दिलेलं नाही इतकंच. त्याचा चेहरा विद्यार्थ्याचा आहे, डोळे खोल आणि विचारी पण मरण बघायला सरावलेले, असं लेखक सुरुवातीलाच सांगतो. पात्राच्या स्वभावातला फरक कोणता आणि सांगण्याच्या पद्धतीतला कोणता, हे वेगळं काढता आलं की तुमचं उत्तर गठ्ठ्यातून वर येतं.

पायरी ६: मराठीत कुठला शब्द वापरता, तिथेच निकाल लागतो

ही पायरी मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनीही वाचली तर बिघडत नाही.

आपण अफझलखानाचा वध म्हणतो. नारायणराव पेशव्यांचा मात्र खून. १६५९ आणि १७७३, दोन्हीकडे माणूस हत्याराने मेला, पण शब्द बदलला की न्याय झाला. देवापुढे कापला तो बळी. रविवारच्या रश्श्यासाठी बोकड कापतात, मारत नाहीत. डास मारतात, साप मारतात. गुंडांच्या बोलण्यात 'गेम' होतो. पुढाऱ्याची हत्या होते. यांतला एकही शब्द निव्वळ वर्णन नाही. प्रत्येकात बोलणाऱ्याची बाजू दडलेली आहे.

न्हाव्याचा पेच हाच तर आहे. खुनी म्हणतील की वीर? मराठीत सांगायचं तर त्याच्या हातून घडेल तो खून, की वध? तो न्हावी मराठी असता तर त्याला आणखी एक वाक्प्रचार आठवला असता: केसाने गळा कापणे. ज्याने विश्वासाने मान पुढे केली त्याचाच घात करणे. केस कापणं आणि गळा कापणं यांना मराठीत क्रियापद एकच, आणि हा वाक्प्रचार दोन्ही एकत्र आणतो. न्हाव्याला नेमकं हेच नको आहे. तू माझ्याकडे दाढीला आलास, मी माझं काम इमानाने करतो, असं तो मनाशी म्हणतो. पुढची गंमत बघा: कॅप्टन विश्वासाने आलेलाच नव्हता. तो पुरता संशय घेऊन आला होता. म्हणजे जो विश्वास मोडू नये म्हणून न्हावी थांबला, तो विश्वास तिथे नव्हताच. मूळ स्पॅनिशमध्ये हा वाक्प्रचार नाही, त्यामुळे 'लेखकाने वापरला' असं लिहू नका. पण समजून घ्यायला आपल्या भाषेचा आधार घेतला तर कुणी गुण कापणार नाही. (हेही 'कापणं'च.)

याच कारणाने उत्तरात शब्द ठरवून वापरा. स्नायपरच्या तिन्ही मरणांना एकच शब्द चालतो का ते तपासा. हत्यारबंद शत्रूला 'ठार केलं' ठीक आहे. पळणाऱ्या म्हाताऱ्या बाईला? तिथे पेन अडखळलं पाहिजे.

इंग्रजी भाषांतर वाचत असाल तर एक सावधगिरी. तेयेस यांच्या कथेची एकाहून जास्त भाषांतरं आहेत, शीर्षकसुद्धा सारखं नाही. भाषांतरातल्या एकाच विशेषणावर अख्खा मुद्दा टांगू नका. कृती भाषांतरात टिकतात, विशेषणं घसरतात.

पायरी ७: लिहायला बसा

करवीर नगर वाचन मंदिरात जा, रंकाळ्यावर बसा, नाहीतर घरी टीव्ही बंद करा. तासभर पुरतो. आधी एक वाक्य लिहा ज्याच्याशी कुणी भांडू शकेल. 'दोन्ही कथांत युद्धाचे दुष्परिणाम दिसतात' याच्याशी भांडायला कोण येणार? त्यापेक्षा हे बघा: 'स्नायपरला मारल्यानंतर शरीर थांबवतं, न्हाव्याला मारण्याआधी त्याचं काम थांबवतं.' याला पुरावा मागता येतो, म्हणजे ते उत्तराचं वाक्य झालं.

मग आधी एका कथेवर दोन पानं आणि नंतर दुसरीवर दोन पानं, असं लिहू नका. तो तुलनेचा भास असतो. प्रत्येक परिच्छेदात दोघांना समोरासमोर बसवा. एका विद्यार्थिनीच्या वहीतला तुकडा, तिच्या परवानगीने:

"स्नायपर खूप क्रूर आहे कारण त्याने बाईलाही मारले. पण नंतर त्याला वाईट वाटले. याउलट न्हावी खूप चांगला आहे कारण त्याने कॅप्टनला मारले नाही."

आम्ही दोघांनी बसून ते असं केलं:

"बाई गटारात पडते तेव्हा स्नायपरच्या अंगावर काटा येत नाही, पण समोरचा बंदूकधारी हवेत गिरक्या घेत पडताना त्याचे दात वाजू लागतात. त्याला मरण जाणवण्यासाठी ते डोळ्यांनी पुरतं बघावं लागतं. न्हावी तेच मरण फक्त मनात बघतो, रक्त दाराखालून रस्त्यावर जाईपर्यंत, आणि तेवढं त्याला पुरतं. मात्र तो थांबतो ते कॅप्टनची दया येऊन नव्हे. आपले हात न्हाव्याचेच राहावेत म्हणून."

दुसऱ्या तुकड्यात 'क्रूर' नाही, 'चांगला' नाही, 'खूप' तर नाहीच. शेवटची दोन वाक्यं तिची आहेत, माझी नव्हेत. तिने ती लिहिली तेव्हा मी चहा सांगायला खाली गेलो होतो.

अडखळण्याच्या जागा

न्हाव्याला भित्रा म्हणायचा मोह होतो. त्याला पकडले जाण्याची भीती वाटते हे खरंच आहे, कथेत ते लपवलेलं नाही. पण फक्त भीतीच असती तर कॅप्टन डोळे मिटून बसल्यावर त्याने तो देखावा मनात इतक्या बारकाईने रंगवला नसता. भीती आणि नकार दोन्ही एकाच माणसात असू शकतात. उत्तरात दोन्ही राहू द्या, एक खोडू नका.

उलटा मोह स्नायपरला माफ करण्याचा. 'शेवटी नियतीने त्याला शिक्षा दिली' असं लिहिलं की गोष्ट कीर्तनात जाते. लेखक शिक्षा देत नाही, चेहरा दाखवून थांबतो.

आणि एक गंमत, जिच्यावर दर वर्षी कुणीतरी हुशार मुलगा उडी मारतो. 'द स्नायपर'मध्ये मरणाऱ्या माणसाच्या हातून रायफल सुटते ती खालच्या एका न्हाव्याच्या दुकानाच्या खांबावर आपटून फुटपाथवर पडते. हो, न्हाव्याच्याच. मुलगा धावत येतो, "सर, सापडलं! दोन्ही कथांत न्हावी आहे!" मी त्याला म्हणतो, भावा, फार छान, समासात लिहून ठेव. योगायोग सापडल्याचा आनंद घ्यावा, पण त्यावर मुद्दा बांधू नये. त्या न्हाव्याने कुणाला मारायचं की नाही असा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नाही. रात्रीची वेळ, रस्त्यात गोळीबार, तो बहुधा दुकान बंद करून घरी गेला असणार.